शिमग्याला घरी

माझ्या अंगावरून वारं गेलं तेव्हा मी लेकीच्या गॅलरीत बसून पेपर वाचत होतो. खोपोलीच्या शिळफाट्याला तिचा फ्लॅट आहे, वरच्या मजल्यावर, आणि आम्ही दोघं नवरा-बायको दिवाळीआधी चार दिवस राहायला म्हणून भिसेगावाहून तिकडे गेलो होतो. पेपराची डावी बाजू मला दिसतच नव्हती. मला वाटलं, आज पेपर अर्धाच छापलाय. तसा मी बायकोवर खेकसलोही. ती म्हणाली, "तुमचं तोंड असं वाकडं का झालंय?" मी म्हणालो, माझं तोंड लग्नाच्या आधीपासून असंच आहे. म्हणजे, मी असं म्हणालो असं मला वाटतं. तिला काय ऐकू आलं देव जाणे. तिने हातातलं पातेलं कठड्यावर ठेवलं आणि जावयाला हाक मारली.

पुढचं सगळं मला पाण्याखालून आठवतं. जावयाने उचललं, लिफ्ट खाली गेली, गाडी एक्स्प्रेसवेला लागली. डोंगर उजव्या काचेतून एकामागून एक येत होते, हिरवे, आदल्या रात्रीच्या पावसाने धुतलेले, आणि डाव्या काचेत काहीच नव्हतं. डावी काच होती की नव्हती, हेही मला सांगता येणार नाही. घाई सगळ्यांना होती, मला नव्हती. मला फार बरं वाटत होतं, खोटं कशाला बोलू. नव्या मुंबईच्या हॉस्पिटलात दंडात सुई गेली, कोणीतरी माझ्या कानाशी म्हणालं, "वेळेत आणलंत," आणि मी झोपलो.

गुठळी विरघळवणारं ते इंजेक्शन काही तासांच्या आतच द्यावं लागतं, हे मला नंतर कळलं. त्यामुळे मी वाचलो आणि बराचसा शाबूतही राहिलो. डावा हात मात्र रुसला आणि डावा पाय दुसऱ्याच कोणाचा तरी असल्यासारखा मागून येऊ लागला.

मी जन्मभर कर्जतच्या बाजारात फोटो स्टुडिओ चालवला. हजारो माणसांना "थोडं डावीकडे बघा" म्हणून सांगितलं, आणि आता मलाच डावीकडे बघा म्हणून सांगावं लागत होतं. ताटातली डाव्या बाजूची भाजी तशीच राहायची. बायको ताट फिरवून द्यायची, की मला वाटायचं, हिने पुन्हा वाढलं. ते दिवस कसे गेले ते विचारू नका. दुपारी पडल्या पडल्या छतावर उन्हाची तिरीप सरकायची आणि मी ती सरकताना बघत राहायचो. कुठली घटना आधीची, कुठली नंतरची, याचा हिशेब सुटला होता, आणि सुटल्याचं फार दुःखही नव्हतं.

भिसेगावच्या घराला पायऱ्या आहेत म्हणून आमचा मुक्काम लेकीकडेच लांबला. जावयाने बाथरूमला दांड्या बसवून घेतल्या, पलंगाखाली ठोकळे सारून तो उंच केला, हाताची एक खुर्ची आणली. व्यायाम शिकवायला माणूस घरी यायचा. पण घरी मी व्यायाम कमी आणि वाद जास्त घालतो असं सगळ्यांचं एकमत पडलं आणि माझी रवानगी तिथून जवळच एका ट्रस्टच्या दवाखान्यात झाली. तिथे मागच्या बाजूला फिजिओथेरपीची खोली होती. पैसे जवळजवळ लागायचे नाहीत, म्हणून आसपासच्या गावांतून अर्धांगाची माणसं तिथे यायची.

खोली चालवायची ती बाई पोशीर गावची. भातशेतीवाल्या घरातली, लग्न होऊन खोपोलीला आलेली, घरी लहान मूल. स्कूटीवरून यायची आणि आल्या आल्या ओढणी कमरेला बांधायची. आवाज शेताच्या बांधावरून हाक मारणारीचा. मी पहिल्याच दिवशी तिला सांगितलं की माझं वय झालंय. ती म्हणाली, "काका, वय माझंबी होतंय. पाय उचला."

वाडीवरचा मला तिथेच भेटला.

त्याचं नाव मी इथे लिहीत नाही, त्याला आवडणार नाही. खालापूरच्या वरच्या अंगाला डोंगरात त्याची वाडी. वाडीला रस्ता नाही. पायथ्याला डांबर संपतं आणि तिथून पायवाट. नाचणी कापता कापता संध्याकाळी त्याच्या अंगावरून वारं गेलं. घरच्यांनी त्याला गोधडीत निजवलं, अंगाला तेल चोळलं, अंधारात आणि धुक्यात उतरायची सोय नव्हती. सकाळी गोधडीची झोळी करून ती बांबूला बांधली आणि चौघांनी त्याला खाली आणलं. मग टेंपो, मग एक दवाखाना, मग तिथून दुसरा. तो पोचला तेव्हा त्या इंजेक्शनची वेळ कधीच टळून गेली होती. त्याचीही डावीच बाजू. आम्ही दोघं पडलो तोही एकाच आठवड्यात.

लोक म्हणतात, आजार गरीब-श्रीमंत बघत नाही. आजार नसेल बघत. रस्ता बघतो.

तेव्हापासून तो पायथ्याशीच, एका नातेवाइकाच्या पडवीत राहत होता. शिळफाट्याच्या बाजारात भाजी घेऊन येणारा टेंपो त्याला क्रेटच्या मध्ये बसवून आणायचा, त्यामुळे तो खोलीत शिरला की कोथिंबिरीचा वास यायचा. टेंपो येईल तेव्हा तो यायचा, नाही आला तर नाही. मी मात्र रोज. बोलायला त्याची जीभ थोडी जड होती, पण डोक्याने तो माझ्याहून जागा होता. आणि वाडीवर सगळ्यांनाच 'तू' म्हणतात, म्हणून तो मला, फिजिओबाईला, डॉक्टरलाही 'तू'च म्हणायचा. मला आधी जरा लागलं. मग बरं वाटायला लागलं. 'तुमची तब्येत कशी आहे' ऐकून ऐकून मी कंटाळलो होतो.

त्या खोलीत एक लाकडी जिना होता. थोड्या पायऱ्या चढायच्या, वर एवढंसं सपाट, पुन्हा तेवढ्याच पायऱ्या उतरायच्या. दोन्ही बाजूंना स्टीलच्या दांड्या. मला तो जिना आवडायचा. खिडकीतून ऊन त्याच्यावर पडायचं आणि वर उभं राहिलं की उगाच कुठेतरी आल्यासारखं वाटायचं. वाडीवरच्याला पहिल्यांदा तिथे उभं केलं तेव्हा त्याने जिन्याकडे नीट बघितलं. पलीकडची बाजूही वाकून बघितली.

"बाय, हा जिना कुठं जातो?"

"कुठं नाही जात, काका. चढायचं, वळायचं, उतरायचं."

"मंग चढू कशापाई?"

बाईने त्याला ताकद, तोल, गुडघा वगैरे सांगितलं. त्याने ऐकून घेतलं आणि म्हणाला, "माझ्या वाटंला दांडी नाय. दगड हायती. शिमग्याला मना घरी जायचंय. तिकडचं शिकव."

मी खुर्चीवरून म्हणालो, "अरे, तुझी माणसं नेतील की तुला झोळीतून वर. आणलं तसंच नेतील."

तो माझ्याकडे वळला. त्याला वळायला वेळ लागायचा.

"झोळी खाली येती ती जित्या माणसाला घिऊन," तो म्हणाला. "वर जाती ती मेल्याला घिऊन. माझी बायकू तापानं फणफणली तवा झोळीतून खाली आणली, न झोळीतूनच वर नेली. मी चालत जानार. नायतर हितंच रानार."

हा नेम अख्ख्या वाडीचा होता की त्याच्या एकट्याचा, हे मी कधी विचारलं नाही. पण त्या दिवसापासून आम्हा तिघांनाही कळलं की आता शिमग्यापर्यंत दुसरा विषय नाही.

बाई आधी चिडली. तिचे म्हणे व्यायाम ठरलेले असतात. मग दुसऱ्या की तिसऱ्या खेपेला ती त्याला दवाखान्याच्या मागे घेऊन गेली. तिथे बांधकामाची माती आणि डबर टाकून टाकून उतार तयार झाला होता, त्यावर घाणेरी माजलेली. तिने त्याच्या हातात काठी दिली आणि त्याला तिथे चढवला. मीही निघालो मागून. मला कोणी बोलावलं नव्हतं. उंटावरून शेळ्या हाकायला कोणी बोलवावं लागत नाही. मी खाली दगडावर बसून, "उजवा आधी टाक, उजवा," असं सांगत राहिलो आणि तो माझ्याकडे ढुंकून न बघता चढत राहिला.

थंडी पडली. सकाळी शिळफाट्यावर धुरकट धुकं साचायचं आणि ट्रक त्यातून फक्त आवाजाने जायचे. मला त्या दिवसांतलं सलग काही आठवत नाही, तुकडे आठवतात. त्याच्या काठीच्या टोकाला लागलेली लाल माती. बाईचा डबा, तांदळाची भाकरी आणि सुकट, त्यातला तुकडा ती आम्हाला देत असे, आणि मी, भिसेगावच्या सोवळ्या घरात वाढलेला म्हातारा, तो खात असे. बायकोला हे माहीत नाही. तिने वाचलं तर वाचो.

मग बाईने एका रविवारी थेट त्याच्या वाटेवर यायचं ठरवलं. सुट्टीचा दिवस, मूल सासूकडे. मी जावयाच्या मागे लागून गाडी काढायला लावली. डांबर संपतं तिथे एक जुना आंबा आहे. मी गाडीचं दार उघडं टाकून आत बसून राहायचो, जावई मोबाइल बघायचा आणि ती दोघं वाटेने वर जायची. पहिल्यांदा ती फार गेली नाहीत, वळणावरच्या शेंदूर लावलेल्या दगडापर्यंत गेली आणि परत आली. पुढच्या वेळी ओहोळाच्या पलीकडे. मधल्या दिवसांत तो एकटाच जायचा, जमेल तेवढा. मी गाडीत पेंगायचो. डोळे उघडावेत तर वाट रिकामी, नुसती सागाची मोठाली वाळलेली पानं उन्हात पडलेली, एखादं आपोआप उलटायचं. मला वाटायचं ती दोघं गेली ती गेलीच. मग कुठून तरी बाईचा आवाज यायचा, "टाच टेका, काका, टाच," आणि मी पुन्हा डोळे मिटायचो.

त्या गाडीत बसून माझ्या मनात हेवा होता, हे सरळ सांगून टाकतो. मला रोजचा व्यायाम होता, माणसं होती, तेल चोळायला बायको होती, पण मला जायचं कुठेच नव्हतं. सोफ्यापासून जेवणाच्या टेबलापर्यंत, एवढंच. त्याच्यापाशी एक डोंगर होता.

फाल्गुन लागला. पळस पेटला, काटेसावर पानं टाकून नुसती फुलांनी भरली. शिमगा तोंडावर आला आणि एका रविवारी सकाळी तो म्हणाला, "आज."

वाडीवरची पोरं आदल्या दिवशीच खाली येऊन बसली होती. त्यांनी बांबू आणि गोधडी आणली होती, लागलीच तर असू द्यावी म्हणून. त्याने ती बघितली आणि पोरांना त्यांच्या भाषेत असं काही सुनावलं की ती गोधडी त्यांनी आंब्यामागे नेऊन ठेवली. मग तो निघाला. काठी, बाई, त्याचा मुलगा, मागे पोरं. आणि सगळ्यात मागे मी. जावई म्हणाला, "बाबा, तुम्ही कुठे?" मी म्हणालो, "थोडंसं जातो आणि येतो."

थोडंसं गेलो. शेंदराच्या दगडापर्यंत. तिथे माझा डावा पाय म्हणाला, राम राम. मी वाटेतच बसकण मारली आणि माझ्या तोंडून काय काय निघालं ते लिहिण्यासारखं नाही. पोरांनी एकमेकांकडे बघितलं. एक जण पळत खाली गेला आणि जावयाला सांगून बांबू-गोधडी घेऊन आला. मी नको नको म्हणेपर्यंत त्यांनी मला गोधडीत घातलं आणि बांबू खांद्यावर घेतला.

पुढे वाडीवरचा एका झाडाला टेकून दम खात उभा होता. झोळी त्याच्या शेजारून जाऊ लागली तसा तो वाकला, आत डोकावला आणि मला म्हणाला, "दादा, मेलास का काय रं?"

तो हसला, पोरं हसली, बांबू हलला आणि मी झोळीत गदागदा हललो. मीही हसत होतो. वारं गेल्यापासून मी असा हसलो नव्हतो.

झोळीत माणसाला वरचं तेवढं दिसतं. मला दोन्ही बाजू सारख्या दिसत होत्या, डावीही, उजवीही, कारण आकाशाला कडा नव्हती. सावरीची लाल फुलं माझ्यावरून सरकली. मग सागाच्या फांद्या, मग घारी. गोधडीला धुराचा आणि माणसांचा वास होता. पोरं खांदा बदलायची तेव्हा मी क्षणभर अधांतरी व्हायचो. खाली कुठेतरी एक्स्प्रेसवेची गुणगुण चालली होती, तीही हळूहळू विझली. मला झोप लागली असावी, कारण बायको मला उठवतेय, उठा, पेपर पूर्ण आलाय, असं मी ऐकलं. डोळे उघडले तर तीच फुलं, तेच आकाश, आणि मागून त्याच्या पायाचा आवाज. एक पाऊल पडायचं, एक ओढलं जायचं. तो थांबला की पोरंही थांबायची. कोणी त्याला "चल" म्हटलं नाही.

दुपार कलली तेव्हा वाडी आली. माणसं कुडाच्या घरांतून बाहेर येऊन उभी होती. मला झोळीतून उतरवून एका दगडावर बसवलं, म्हणून मला सगळं नीट दिसलं. तो शेवटचा चढ चढला. तोंड घामाने निथळत होतं, डावा पाय वाटेवर रेघ ओढत होता. सुनेने त्याच्या पायावर पाणी ओतलं, भाकरीचा तुकडा ओवाळून टाकला. त्याने काठी मुलाकडे दिली, दाराच्या चौकटीला उजवा हात लावला आणि उंबरा ओलांडला. बाई माझ्या शेजारी उभी होती. ती ओढणीने डोळे पुसत होती आणि मला सांगत होती की धूर फार आहे.

आम्ही आत गेलो. मधोमध छप्पर तोलणारा लाकडाचा खांब, मेढ होती, तिच्याशेजारी त्याची जागा. मेढ धरून, मुलाच्या आधाराने तो खाली बसला. सारवलेल्या जमिनीवर हात फिरवला. सुनेने गुळाचा कोरा चहा दिला. मला त्यांनी एक पालथं टोपलं दिलं बसायला. चहा झाला, बोलणं झालं, मुलगा म्हणाला की शिमग्यानंतर तो आणि त्याची बायको वीटभट्टीच्या कामावर जाणार, सकाळी जाऊन संध्याकाळी येणार, पण आता बाबा चालतो म्हणजे काळजी नाही.

मग वाडीवरचा म्हणाला, "मागं जाऊन येतो."

आणि त्याला उठता येईना.

त्याने उजवा हात जमिनीला टेकला, जोर दिला, अंग थोडं उचललं आणि खाली आलं. पुन्हा. मग मेढेला धरून ओढून बघितलं. डावा पाय मधेच अडकला. तो परत बसला. मुलगा आणि एक पोरगा पुढे झाले.

"नको," तो म्हणाला.

सगळ्यांनी फिजिओबाईकडे बघितलं. तिचा चेहरा उतरला होता. आम्हा सगळ्यांना खोलीत पहिल्याच दिवशी बजावलेलं असतं, जमिनीवर बसायचं नाही, खुर्ची वापरायची, पलंग वापरायचा. तिथले सगळे व्यायाम खुर्चीपासून सुरू होतात. तिने त्याला दगड शिकवले, ओहोळ शिकवला, उतार शिकवला. त्या घरात खुर्ची नव्हती. वाडीत कोणाकडेच नव्हती. जेवण जमिनीवर, झोप जमिनीवर, चूल जमिनीवर. डोंगर चढवायच्या नादात हे तिच्या ध्यानात आलं नाही, माझ्या आलं नाही, त्याच्याही नाही. हत्ती गेला आणि शेपूट राहिलं म्हणतात तसं झालं, फक्त या शेपटावरच त्याचा सारा दिवस अवलंबून होता. मुलगा-सून कामाला गेली की संध्याकाळपर्यंत तो त्या मेढेशी बसून राहणार होता.

"माझी आई पोशीरला खालीच बसते," बाई म्हणाली. ती आमच्यातल्या कोणाशीच बोलत नव्हती. "मी पण बसते. आम्ही सगळेच."

मग तिने ओढणीने स्वतःचा डावा हात अंगाला बांधून घेतला आणि त्याच्यासमोर जमिनीवर बसली. डावा पाय मेल्यासारखा पसरला आणि उठायचा प्रयत्न करायला लागली. पहिल्या खेपेला ती कलंडली. दारातल्या बायका हसल्या. दुसऱ्या खेपेलाही कलंडली. तिसऱ्या वेळी ती आधी कुशीवर वळली, कोपरावर आली, मग गुडघ्यावर, मग मेढ धरून उजवा तळपाय टेकला आणि उठली. कोणी हसलं नाही. ती परत खाली बसली आणि म्हणाली, "काका, बघा. आधी कुशीवर."

माझ्या घरचे पलंग, सोफा, कमोड, ती हाताची खुर्ची सगळं माझ्या डोळ्यांपुढे आलं. मी उठतो कसा, याचा मला कधी विचारच करावा लागला नव्हता, कारण मला कोणी कधी पुरतं खाली जाऊच दिलं नव्हतं. मला राग आला. कोणावर ते सांगता येणार नाही. रागाला पत्ता नसला की तो फार वेळ टिकतो.

तो कुशीवर वळला. कोपरावर आला. पुष्कळ वेळाने गुडघ्यांवर आला. तिथून पुढे नाही. दिवसभर चढून पायात काही उरलंच नव्हतं. उन्हं उतरायला लागली, आम्हाला उजेडात खाली पोचायचं होतं. मला दोघांनी धरून उठवलं. तो मेढ धरून गुडघ्यांवर होता.

"मी परत येते," बाई म्हणाली.

"कवा?"

तिचे रविवार आधीच उसने होते, ते तिलाही माहीत होतं आणि त्यालाही.

"तू जा गं, बाय," तो म्हणाला. "ऊन सरलं."

दोन दिवसांनी मी खोलीत गेलो तर तो लाकडी जिना भिंतीला सरकवलेला होता आणि मधे जमिनीवर चटया अंथरल्या होत्या. बाई प्रत्येकाला विचारत होती, घरी जेवायला कुठे बसता? पोशीरकडची एक म्हातारी होती, भट्टीवर काम केलेला एक माणूस होता, चौक गावचा एक रिक्षावाला होता. एकामागून एक सगळे म्हणाले, खाली. इतके दिवस कोणी सांगितलं नव्हतं, कारण कोणी विचारलं नव्हतं. बाई म्हणाली, "चला, बसा मग." मीही बसलो. मला फुशारकी मारायची होती की मी हे वर बघून आलोय. कुशीवर वळलो, कोपरावर आलो आणि तिथेच राहिलो. त्या दिवशी आम्ही सगळे चटईवर पडलेलो होतो आणि खिडकीतून ऊन येत होतं. ज्याच्यामुळे ती चटई आली, तो तेवढा नव्हता. आता तो खाली येणार नव्हता. एकदा खाली आला तर पुन्हा वर जायला अख्खा डोंगर.

होळीच्या दुसऱ्या दिवशी त्याच्या मुलाचा फोन आला. वाडीच्या वर एक टेपाड आहे, तिथे उभं राहिलं की रेंज मिळते. वाऱ्याने आवाज तुटत होता. होळी झकास पेटली म्हणाला, रात्री वाडी नाचली, ढोलवाले मुद्दाम त्यांच्या दारात येऊन वाजवत होते. सगळे म्हणाले, तुला धरून होळीपाशी नेतो, पण बाबा नको म्हणाला. मेढ सोडून गुडघ्यांवर सरकत दाराच्या चौकटीपर्यंत आला आणि चौकट धरून राहिला, ढोल थांबेपर्यंत.

"उभा राहिला का?" मी विचारलं.

"नाय," मुलगा म्हणाला. "पन खाली बसला बी नाय."